आधी खोली, मग मायक्रोफोन

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांसाठी निवडलेली सगळी पत्रे सोलापूर शहरातून आलेली आहेत. पत्रलेखकांची वये वेगळी आहेत, गायनाचे प्रकार वेगळे आहेत, काहींची मातृभाषाही वेगळी आहे. परंतु सगळेजण घरातल्याच एखाद्या खोलीत स्वतःचे ध्वनिमुद्रण करतात आणि बहुतेकजण अशाच हौशी कलावंतांच्या एखाद्या ऑनलाइन समूहात अलीकडे सामील झालेले आहेत. अशा समूहांविषयी मला मनापासून आस्था आहे. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत मी पहिल्यांदा पेटीचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा चूक कुठे होते आहे हे सांगणारे कोणीही मला गावात ठाऊक नव्हते. आज तेच एखादा अनोळखी माणूस तीनशे किलोमीटरवरून, रात्री अकरा वाजता, कसलीही अपेक्षा न ठेवता समजावून सांगतो. मात्र या समूहांत यंत्रांच्या नावांची चर्चा इतकी होते की, योग्य नाव कळले की आवाज आपोआप सुधारेल, असे नवख्याला वाटू लागते. खालच्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी हीच समजूत आहे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि सुगम संगीत गाते. घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांच्या एका ऑनलाइन समूहात महिन्यापूर्वी नाव नोंदवले. ‘दहा हजारांत कोणता मायक्रोफोन घ्यावा?’ एवढेच विचारले, तर प्रत्येकाने निराळे नाव सांगितले आणि एकाने माझ्याकडचा यूएसबी मायक्रोफोन टाकून द्यायला सांगितले. आता तिथे पुन्हा काही विचारायचा संकोच वाटतो. – एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तो मायक्रोफोन टाकून देऊ नका आणि समूहही सोडू नका. उत्तरे निराळी आली यात सांगणाऱ्यांचा दोष नाही. प्रत्येकाने आपल्या गळ्याला आणि आपल्या खोलीला जे मानवले ते सांगितले, कारण तुमचा गळा आणि तुमची खोली त्यांच्यासमोर आलेलीच नव्हती. माप न देता झंपर शिवायला टाकावा, तसा तो प्रश्न होता. आता माप द्या.

त्यासाठी अर्ध्या मिनिटाचा एक नमुना तयार करा. सुरुवातीचे दहा सेकंद काहीही न गाता शांत बसा, म्हणजे खोलीचा स्वतःचा आवाज त्यात येईल. पुढच्या वीस सेकंदांत एक ओळ खालच्या सुरात आणि एक वरच्या सुरात गा. त्यावर कसलाही संस्कार करू नका; घुमारा, कंप्रेशन (मोठा आवाज दाबून लहान आवाजाच्या जवळ आणणे), सूर दुरुस्त करणारी सोय, सगळे बंद ठेवा. हा नमुना निरोपांच्या अॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका, कारण त्यात ध्वनी फार दाबला जातो आणि ऐकणाऱ्याला दोष मायक्रोफोनचा की अॅपचा हे कळत नाही. वेव्ह प्रकारची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. सोबत चार ओळी लिहा. त्या साधारण अशा असाव्यात : ‘माझी पट्टी काळी चार. खोली बारा बाय दहा फुटांची, फरशी उघडी, एक खिडकी रस्त्याच्या बाजूला. मायक्रोफोन तोंडापासून एका वितीवर आहे. वरच्या षड्जाला आवाज टोचतो आणि स हा वर्ण फार उठतो. मायक्रोफोन थोडा तिरका धरून पाहिला. स कमी झाला, टोचणे तसेच राहिले.’ असा मजकूर आला की समूहातल्या जाणत्या माणसांना हाताला काहीतरी लागते. मग तुम्हाला यंत्राच्या नावाऐवजी उलट प्रश्न येतील : भिंत किती अंतरावर आहे, गेन (मायक्रोफोनचा आवाज वाढवण्याचे प्रमाण) किती ठेवला आहे, हेडफोन कोणता आहे. जी माणसे असे उलट प्रश्न विचारतात, त्यांचे म्हणणे आधी ऐका.

यूएसबी मायक्रोफोनबद्दल तुम्हाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही. आवाज वाढवणारा प्रीअँप आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग, हे दोन्ही त्याच्या पोटातच असतात. बहुतेक वेळा त्यातला आवाज टिपणारा भागही कंडेन्सर (वीज लागणाऱ्या, नाजूक) जातीचा असतो. त्याची खरी मर्यादा पुढे जाणवते, म्हणजे एकाच वेळी गळा आणि पेटी असे दोन मायक्रोफोन लावायचे असतात तेव्हा. एकटीने गाण्यासाठी तो पुरेसा आहे. गाताना सर्वांत मोठ्या स्वराला पातळी दाखवणारा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन ठेवा. शून्याला आवाज भिडला की तो तुटतो आणि असा तुटलेला स्वर नंतर नीट जुळत नाही. ध्वनिमुद्रण २४ बिटचे असेल, तर पातळी थोडी खाली राहिल्याने काहीही बिघडत नाही. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत सूक्ष्म आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल असते, २४ बिटमध्ये ते हिशेबाने १४४ पर्यंत जाते.

दहा हजार रुपये हाताशी असतील, तर त्यातून आधी कान पूर्ण झाकणारा, तारेचा, चांगला हेडफोन घ्या. मग न डुगडुगणारा स्टँड. मग पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी. या शेवटच्या वस्तूला मराठी गाणाऱ्याने दुय्यम मानू नये. आपल्या भाषेत फ आणि भ हे हवेचा झोत सोडणारे वर्ण पावलोपावली येतात, प आणि ब त्यांच्या पाठोपाठ असतातच, आणि तो झोत मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळून होणारा धप्प आवाज नंतर नीट पुसता येत नाही. फिल्टर मायक्रोफोनपासून चार बोटे दूर लावा.

आणखी एक गोष्ट समूहात रोज उपयोगी पडेल. कोणी दोन मायक्रोफोनचे नमुने ऐकवून ‘यातला कोणता बरा?’ असे विचारले, की मत देण्यापूर्वी दोन्ही नमुने कानाला सारख्याच मोठेपणाने ऐकू येतील असे करून घ्या. एकच डेसिबल मोठा असलेला नमुनासुद्धा कानाला अधिक स्वच्छ आणि अधिक भरीव वाटतो. माझ्या अनुभवात यंत्रांवरचे निम्मे वाद या एका कारणाने उभे राहतात, आणि नमुने सारखे करून ऐकले की त्यातले पुष्कळसे तिथेच मिटतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, वय ६८. पेटीवर स्वतः साथ करून अभंग गातो. आमचे घर शहराच्या पूर्व भागात आहे आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. समूहातल्या सल्ल्यावरून मुलाने कंडेन्सर मायक्रोफोन आणि इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारे यंत्र) आणून दिला. आता मागाची खडखड पूर्वीपेक्षा जास्त येते. खोली दहा बाय दहाची असून तिची उंचीही तेवढीच आहे. ती घुमते आणि पेटीचा खालचा एक स्वर कारण नसताना फुगतो. भिंतींना फोमचे पत्रे लावावेत असे कोणी म्हणतात, कोणी अंड्यांचे ट्रे सांगतात. – एक भजनप्रेमी, अशोक चौक परिसर

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि तिन्हींवर एकच उपाय सांगितला गेल्यामुळे घोटाळा झाला आहे. मागाची खडखड बाहेरून आत येते. घुमणे म्हणजे आपलाच आवाज भिंतींवरून परत येणे. एखादा स्वर फुगणे ही खोलीच्या मापाची गोष्ट आहे. फोम, पडदे, चादरी या वस्तू घुमण्यावर चालतात. बाहेरचा आवाज त्या अडवत नाहीत. आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले, तरी फार तर सहा डेसिबलचा फरक पडतो. तेव्हा भिंतींवर पैसे घालण्याआधी दाराखालची फट आणि खिडकीच्या चौकटीतल्या फटी बुजवा. अंड्यांचे ट्रे मात्र कोणत्याच कामाचे नाहीत. पातळ पुठ्ठा ना आवाज अडवतो, ना पुरेसा शोषतो, आणि विजेच्या वायरींजवळ तो आगीला निमंत्रण देतो.

मागाचा आवाज घरात दोन वाटांनी येतो. एक वाट हवेची आणि दुसरी जमिनीची. मागाचे हादरे इमारतीच्या पायातून फरशीत येतात, फरशीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून मायक्रोफोनमध्ये. ते आपल्या कानाला जाणवत नाहीत, पण ध्वनिमुद्रणात खालून धडधड होऊन येतात. स्टँडच्या प्रत्येक पायाखाली आपल्याच गावच्या जाड टॉवेलची चार पदरी घडी ठेवा. इंटरफेसवर किंवा नंतर संगणकावर ८० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाका. गळ्याला त्याची इजा होत नाही : काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम १०४ हर्ट्झवर असतो. डग्ग्याच्या मुद्रणावर मात्र ही काटछाट करू नका. त्याचा घुमार याच्या जवळच राहतो.

हवेतून येणाऱ्या आवाजासाठी सर्वांत गुणकारी उपाय अंतराचा आहे. मायक्रोफोन आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की गळ्याचा आवाज सहा डेसिबलने वाढतो, मागाचा मात्र आहे तेवढाच राहतो. दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आलात, तर गळा बारा डेसिबलने वर येतो आणि गेन तेवढाच खाली करता येतो. कंडेन्सर मायक्रोफोन आणल्यावर खडखड वाढली, याचे कारण माझ्या अंदाजाने असे की, तो नाजूक आहे म्हणून आपण तो दूर ठेवला असावा. ‘डायनॅमिक (वेगळी वीज न लागणारा) मायक्रोफोन बाहेरचा आवाज घेत नाही’ असे समूहांत नेहमी सांगितले जाते, तेही याच कारणाने अर्धेच खरे आहे. दोन्ही मायक्रोफोन एकाच अंतरावर ठेवले, दोघांची दिशा पकडण्याची रीत सारखी असली आणि दोघांचा आवाज समान पातळीवर आणला, तर गळा आणि माग यांचे प्रमाण जवळपास सारखेच राहते. डायनॅमिक मायक्रोफोन लोक ओठांजवळ धरतात, म्हणून मागाचा आवाज मागे पडतो.

आता बसण्याची जागा. आपला मायक्रोफोन कार्डिऑइड जातीचा असेल, तर तो समोरचे घेतो आणि पाठीमागचे सर्वांत कमी घेतो. म्हणून मागांकडच्या खिडकीकडे तोंड करून बसा. मनाला हे उलटे वाटते, परंतु मायक्रोफोनचे तोंड आपल्याकडे असल्याने त्याची पाठ खिडकीकडे जाते. तो तोंडाच्या किंचित खाली ठेवून वर तोंडाकडे रोखा, म्हणजे त्याची पाठ पेटीकडेही झुकते आणि गळ्याच्या मुद्रणात पेटी कमी शिरते. पेटीसाठी दुसरा मायक्रोफोन लावाल, तेव्हा तो पेटीच्या वर सव्वा-दीड फुटावर, भात्यापासून दूर ठेवा. भात्याचा श्वास आणि खिटीची कुरकुर यांना त्यात वाव मिळता कामा नये.

या रचनेत मायक्रोफोनला आपल्या पाठीमागची भिंत दिसते, म्हणून घुमणे कमी करायचे ते तिथेच. त्यासाठी फोम विकत आणण्यापूर्वी कपाटातल्या सोलापुरी चादरी काढा. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे ते तिच्या विणीसाठी. पण तिचा जाडपणा आणि निव्वळ सूत या कामालाही येते. चादर भिंतीला खिळ्यांनी ठोकू नका. भिंतीला लागून हवा हलतच नाही, त्यामुळे तिथे कापडाला शोषायला काही मिळत नाही. ध्वनिलहरीच्या लांबीच्या चौथ्या भागाइतक्या अंतरावर हवेची हालचाल सर्वांत जास्त असते. चादर भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे असेल, तर ती साधारण ८६० हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर चांगले काम करते. वीस सेंटिमीटर पुढे आणली, तर ४३० पर्यंत खाली उतरते. कपडे वाळत घालण्याची दोरी भिंतीपासून वीतभर पुढे बांधा आणि तिच्यावर दोन चादरी चुण्या ठेवून सोडा. कीर्तनाच्या मंडपातला आवाज आणि रिकाम्या मंगल कार्यालयातला आवाज यांतला फरक आपण आयुष्यभर ऐकला आहे. तोच फरक इथे पहिल्या ओळीत ऐकू येईल.

फुगणाऱ्या स्वराचे कारण खोलीचा चौकोनी आकार. दहा फूट लांबीला खोली ५६ हर्ट्झला आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२ हर्ट्झला स्वतःच दाद देते. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही सारख्या असल्याने तिन्ही दिशांची दाद एकाच स्वरावर येऊन साचते. कापसाची जाड गादी कोपऱ्यात उभी केल्याने थोडा उतार पडतो, परंतु इतक्या खालच्या स्वरावर तो थोडाच असतो. बैठक बदलल्याने जास्त फरक पडतो. खोलीच्या अगदी मध्यावर आणि कोपऱ्यात बसू नका. एका भिंतीपासून सव्वातीन फुटांवर बसून तोच स्वर धरा, मग एकेक वीत सरकत ऐका. ज्या जागी तो स्वर इतरांच्या बरोबरीला येतो, तिथे खडूची खूण करा.

पंखा बंद ठेवावा लागेल, आणि वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना हे सांगणे मला जड जाते. पहाटे, माग सुरू होण्यापूर्वी, एका वेळी एकच चरण मुद्रित करा आणि मध्ये पंखा लावून बसा. मुलाने आणलेला कंडेन्सर परत करू नका. चादरी लावून झाल्यावर तो अर्ध्या फुटावर घेऊन पाहा. मला वाटते, आपल्याला नवा मायक्रोफोन लागणार नाही.

प्रश्न : तबल्याचा ठेका हेडफोनवर ऐकत गातो, पण माझा स्वतःचा आवाज मागाहून कानात येतो आणि लय सुटते. हेडफोन ब्लूटूथचा आहे. नवा, महाग इंटरफेस घ्यावा लागेल असे समूहात सांगतात. – एक गायक, होटगी रस्ता

उत्तर : ब्लूटूथचा हेडफोन गाणे ऐकण्यासाठी ठेवा, ध्वनिमुद्रणासाठी तारेचाच वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज बांधून, पाठवून, पुन्हा सोडवण्यात शंभर मिलिसेकंदांहून अधिक वेळ सहज जातो आणि कोणताही इंटरफेस तो वेळ वाचवू शकत नाही.

तार जोडल्यावर जो उशीर उरेल, तो संगणकाच्या बफरचा, म्हणजे संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो त्या साठ्याचा. सेकंदाला ४८,००० सॅम्पल (आवाजाची मोजमापे) या दराला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे जाताना २१ मिलिसेकंद आणि येतानाही तितकेच. १२८ सॅम्पलचा बफर ठेवला, तर एका बाजूला तीन मिलिसेकंदांहून कमी. हे आकडे बैठकीच्या भाषेत सांगतो. ध्वनी हवेत एका सेकंदात साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा तबलजी साडेतीन मीटरवर बसल्यासारखा आहे, ते चालते. चाळीस मिलिसेकंद म्हणजे तो जवळपास चौदा मीटरवर, सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन बसला. तिथून सम सापडणे कठीण. म्हणून गाताना बफर लहान ठेवा आणि नंतर संस्कार करताना मोठा करा. विंडोज असेल, तर इंटरफेसच्या निर्मात्याने दिलेला असिओ ड्रायव्हरच (उशीर कमी ठेवणारी जोडणीची प्रणाली) निवडा. तुमच्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असेल, तर आवाज संगणकात न जाता थेट कानात येतो आणि प्रश्न तिथेच संपतो.

प्रश्न : मी सोलापूरचे संतकवी सिद्धरामेश्वर यांची कन्नड वचने गाते. समूहात ओळख झालेल्या पुण्याच्या एक बाई पेटी वाजवतात, आणि कलबुर्गीचे एक गृहस्थ तबला. व्हिडिओ कॉलवर एकत्र गाऊन पाहिले, पण काहीच जुळले नाही. माझा तानपुराही त्यांना मधूनमधूनच ऐकू येत होता. – एक गायिका, बाळीवेस

उत्तर : तानपुरा नाहीसा झाला, याचे कारण तुमच्याकडे नव्हते. कॉलची अॅप बोलणे स्पष्ट यावे म्हणून बनवलेली असतात. सतत एकाच सुरात चालणारा आवाज ती पंख्याचा समजून पुसून टाकतात. काहींत मूळ ध्वनी तसाच जाऊ देण्याची सोय असते, ती सुरू केली तर तानपुरा पोहोचेल. पण लय जुळणार नाही, कारण पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या पुढे उशीर गेला की एकमेकांना धरून वाजवणे अवघड होते, आणि कॉलमध्ये तो याच्या कितीतरी पट असतो. जॅम्युलससारखी केवळ संगीतासाठी केलेली मोफत सोय आहे. ती चालण्यासाठी तिघांनाही मोडेमपासून तारेने जोडलेले, स्थिर इंटरनेट हवे. माझा सल्ला असा की, तुम्ही तिघे एकेक पदर (ट्रॅक) आळीपाळीने मुद्रित करून एकमेकांना पाठवा.

समूहात अशा कामात मेट्रोनोमचा ठोका आधी ठेवण्याची रीत आहे. वचनासाठी ती मला योग्य वाटत नाही. वचनाचा अर्थ शब्दांच्या थांब्यांत असतो, आणि ठोक्याला बांधून घेतले की ते थांबे जातात. आधी फक्त तानपुऱ्यावर तुम्ही गा. ते मुद्रण पेटीवाल्या बाईंना पाठवा. त्या बैठकीत करतील तशीच मागून साथ करतील. तालात बांधलेला भाग असेल, तिथे मात्र उलट क्रम ठेवा : लय आधी ठरवा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा असे आकड्यात, तबला आधी मुद्रित होऊ द्या, आणि तबलजींना सुरुवातीला केरव्याच्या आठ मात्रा टाळीने मोजायला सांगा, म्हणजे सम कुठे पडते याबद्दल शंका राहणार नाही.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी नक्की करा. एक म्हणजे सूर. ‘काळी चार’ एवढे सांगून भागत नाही, कारण जुन्या पेट्या थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात आणि पेटी बदलता येत नाही. बाईंनी ट्यूनरवर आपल्या पेटीचा षड्ज मोजून सांगावा आणि तानपुरा त्यावर मिळवावा. दुसरी म्हणजे फाइल. तिघांनीही वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकेरी (मोनो) पदर असेच ठेवावे आणि प्रत्येक फाइल, मध्ये कितीही शांतता असली तरी, आरंभापासून शेवटापर्यंत सलग द्यावी. नाहीतर जोडणाऱ्याला प्रत्येक पदर कानाने शोधत बसावे लागते. अशी एक मिनिटाची फाइल साधारण साडेआठ मेगाबाइटची होते, म्हणून पाच मिनिटांचे वचन पाठवायला अडचण येऊ नये. घुमारा कोणीही आपापल्या घरी घालू नये. तीन घरांचे तीन घुमारे एकत्र आले की तिघे तीन देवळांत बसल्यासारखे ऐकू येतात. शेवटी सगळ्यांवर मिळून एकच घाला.

तयार झालेले गाणे यूट्यूबवर ठेवणार असाल, तर ते शक्य तितके मोठे करण्याच्या मागे लागू नका. तिथे मोठा केलेला आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या मापाच्या) आसपास खाली आणला जातो. दाबून मोठे केलेल्या गाण्याचा मोठेपणा जातो आणि दाबलेपण तेवढे राहते.

प्रश्न : गाणे मुद्रित करताना लॅपटॉप चार्जरला लावला की बारीक गुणगुण येते. – एक वाचक, साखर पेठ

उत्तर : चार्जर काढून, बॅटरीवर एक मिनिट मुद्रित करून पाहा. गुणगुण गेली, तर ती विजेच्या ५० हर्ट्झची किंवा तिच्या दुपटीची आहे आणि तिचे मूळ अर्थिंगमध्ये आहे. सर्व यंत्रे एकाच बोर्डवरून जोडा, मायक्रोफोनची केबल चार्जरच्या वायरीपासून दूर न्या, पंख्याचा आणि दिव्याचा रेग्युलेटर बंद ठेवा. एवढे करूनही ती राहिली, तर जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्या. ‘चार्जरची तिसरी पिन काढून टाका’ असा सल्ला समूहात तुम्हाला कोणीतरी देईल. तो कृपया ऐकू नका, ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

प्रश्न : समूहातले एक सदस्य शुअरचा एसएम ५८ मायक्रोफोन आणि जुना इंटरफेस मिळून विकत आहेत. जुने घेण्यात धोका आहे का? – एक भावगीतगायक, विजापूर रस्ता

उत्तर : जुना डायनॅमिक मायक्रोफोन घेण्यात मला धोका वाटत नाही. एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात आहे, तो कणखर आहे आणि वर्षानुवर्षे टिकतो. धोका नकलेचा आहे, कारण या मायक्रोफोनच्या नकला पुष्कळ फिरतात. खरा मायक्रोफोन २९८ ग्रॅम भरतो. सोन्याचांदीच्या दुकानातल्या काट्यावर तो तोलून घ्या, परंतु वजन हा एकच पुरावा मानू नका. एखाद्या ओळखीच्या मंडप-ध्वनिक्षेपकवाल्याकडचा खरा मायक्रोफोन आणून, दोन्हींवर एकच ओळ त्याच अंतरावरून आणि त्याच गेनवर गाऊन पाहा. हा मायक्रोफोन मंद आहे, म्हणजे त्यातून येणारा आवाज कमी असतो. हळू आवाजात गाणाऱ्याला त्यासाठी पंचावन्न-साठ डेसिबल गेन लागतो, आणि तेवढा गेन दिल्यावर इंटरफेसची स्वतःची खरखर किती वर येते हे त्याच वेळी ऐका.

इंटरफेसबाबत अधिक सावध राहा. फायरवायर जोडणीची जुनी, एके काळी उत्तम असलेली यंत्रे स्वस्तात मिळतात, पण आजच्या लॅपटॉपला ती जोडणीच नसते. यूएसबीचे असले, तरी तुमच्या संगणकाच्या आजच्या आवृत्तीसाठी त्याचा ड्रायव्हर मिळतो का, हे निर्मात्याच्या पानावर आधी पाहा. मग प्रत्यक्ष भेटून, आपला लॅपटॉप सोबत नेऊन, प्रत्येक बटण फिरवून बघा. फिरवताना करकर ऐकू आली तर आत धूळ बसली आहे, आणि सोलापुरात ती लवकर बसते. ४८ व्होल्टची फँटम पॉवर (कंडेन्सर मायक्रोफोनला केबलमधून मिळणारी वीज) तपासण्यासाठी कोणाचा तरी कंडेन्सर मायक्रोफोन मागून न्या. इंटरफेसच्या प्रत्येक इनपुटवर एक मिनिट काहीही न गाता मुद्रित करा, घरी या, हेडफोन लावून ती सगळी मिनिटे एकामागून एक ऐका, आणि पैसे दुसऱ्या दिवशी द्या.